मासा मिळाला, पण सोडून दिला!

अमेरिकेतील चेसापीक खाडीत गाइडबरोबर मासे पकडायला जाणे ही हौसेची सहल. पण या सहलीत हाती आलेला सर्वांत मोठा मासा पाण्यात परत का सोडावा लागतो, यामागे चाळीस वर्षांची एक गोष्ट आहे.

"पिशवीत केळी तर नाहीत ना?"

पहाटे पावणेपाच वाजता ॲनापोलिसच्या धक्क्यावर आमच्या कॅप्टनने विचारलेला हा पहिला प्रश्न. ताईने प्रवासात भूक लागेल म्हणून डझनभर केळी घेतली होती. त्या केळ्यांना बोटीवर प्रवेश नाही, असे आम्हाला हसत हसत पण ठामपणे सांगण्यात आले. बोटीवर केळी आली की मासे पळतात, अशी गळ टाकणाऱ्यांची जुनी समजूत आहे. ताईचे सासरे, म्हणजे आमचे अप्पा, लगेच म्हणाले, "ठेव गं गाडीत. ज्याच्या होडीत बसायचं, त्याचं ऐकायचं." अप्पांचे बालपण अलिबागच्या खारेपाटात गेले. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी गरवायला जाणे हा त्यांचा लहानपणीचा उद्योग. त्यामुळे त्या पहाटे आमच्यात खरे उत्साही होते ते दोघेच: बहात्तर वर्षांचे अप्पा आणि माझा अकरा वर्षांचा भाचा.

ही गोष्ट जून २०२४ मधली. मेरीलँड राज्यात राहणाऱ्या ताईकडे मी सुटीला गेले होते. भावोजींनी अप्पांच्या वाढदिवसाची भेट म्हणून अर्ध्या दिवसाची बोट ठरवली होती. बोटीबरोबर कॅप्टन, त्याचा एक मदतनीस, काठ्या, गळ, आमिष असे सगळेच मिळते. आपण फक्त वेळेवर पोहोचायचे. मासा मात्र एकच शोधायचा: स्ट्राइप्ड बास. मेरीलँडमध्ये त्याला सारे ‘रॉकफिश’ म्हणतात. १९६५ पासून तो या राज्याचा अधिकृत मासा आहे.

खाडी कसली, सागरच!

चेसापीक म्हणजे अमेरिकेतील सर्वांत मोठी खाडी. तिची लांबी सुमारे ३२० किलोमीटर. सहा राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन यांचे पाणी नद्यानाल्यांतून हिच्यात येते. हे पाणलोट क्षेत्र सुमारे १ लाख ६५ हजार चौरस किलोमीटर भरते, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे जास्तच. आणि एवढ्या अवाढव्य खाडीची सरासरी खोली किती? जेमतेम एकवीस फूट! नद्यांचे गोडे पाणी आणि अटलांटिकचे खारे पाणी या उथळ परातीत एकत्र होते. म्हणूनच इथे मासे, खेकडे आणि कालवे यांची पूर्वापार लयलूट. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जॉन स्मिथ १६०८ मध्ये या खाडीत फिरला, तेव्हा मासे इतके दाट होते, की जाळे जवळ नाही म्हणून त्याच्या माणसांनी चक्क तळण्याच्या तव्याने मासे काढून पाहिले. तवा मासे पकडायच्या कामाचा नाही, असा निष्कर्ष त्यानेच लिहून ठेवला आहे!

आमची बोट निघाली ती खाडीवरच्या लांबलचक पुलाच्या दिशेने. सुमारे सात किलोमीटरचा हा बे ब्रिज १९५२ मध्ये खुला झाला. १९७३ मध्ये त्याच्या शेजारी दुसरा पूल उभा राहिला. वरून मोटारी धावतात, आणि खाली पुलाच्या खांबांभोवती माशांची वस्ती असते. खांबांवर शिंपले धरतात, शिंपल्यांभोवती बारीक मासळी जमते आणि त्या मासळीच्या मागे रॉकफिश येतो. कॅप्टनच्या तीस वर्षांच्या अनुभवाचे सार यातच होते. "मासा कुठे आहे हे शोधू नका, त्याचं जेवण कुठे आहे ते शोधा," असे तो म्हणाला.

झटका मारायचा नाही!

आधी आमिष पकडायचे होते. त्यासाठी छोट्या गळाला किड्याचा तुकडा लावून ‘स्पॉट’ नावाचे वीतभर मासे धरले. कल्ल्यामागे काळा ठिपका असतो, म्हणून हे नाव. भाच्याने दहा मिनिटांत सहा स्पॉट काढले आणि आपण जन्मजात कोळी असल्याचे जाहीर केले.

मग मोठ्या काठ्या आल्या. जिवंत स्पॉट गळाला लावून तो खांबाजवळ सोडायचा आणि वाट पाहायची. भाच्याच्या काठीला ओढ बसली, तंगूस सरसर सुटू लागला आणि पोराने सिनेमात पाहिल्याप्रमाणे काठी खाडकन वर खेचली. गळ रिकामा!

"झटका मारायचा नाही," मदतनीस म्हणाला आणि त्याने गळ हातात घेऊन दाखवला. आपल्याकडच्या गळाचे टोक सरळ वर येते. याचे टोक मात्र आत, दांडीकडे वळलेले होते. आमिष लावून रॉकफिश पकडताना असाच गोल गळ वापरण्याची सक्ती २०२१ पासून अटलांटिक किनाऱ्यावरच्या राज्यांत आली. साध्या गळावर मासा आमिष गिळतो आणि गळ पोटात रुततो. असा मासा सोडला तरी जगणे कठीण. गोल गळ मात्र माशाने तोंड फिरवले, की घसरत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. अट एकच, आपण धीर धरायचा. रीळ संथपणे फिरवायचे. बाकीचे काम मासाच करतो.

दुसऱ्या खेपेला भाच्याने दात-ओठ खाऊन धीर धरला आणि एक चंदेरी मासा जाळीत आला. अंगावर खवल्यांच्या ओळीने काढाव्यात तशा सात-आठ काळ्या रेघा. भाचा ओरडलाच. पण कॅप्टनने आनंद व्यक्त करण्याआधी एक लाकडी पट्टी काढली आणि मासा तिच्यावर आडवा ठेवला. सतरा इंच.

"छोटा आहे. सोडायचा."

२०२४ मध्ये या खाडीतला नियम असा होता: माणशी दिवसाला एकच मासा ठेवायचा, आणि तोही १९ इंचांपेक्षा लहान नको, २४ इंचांपेक्षा मोठा नको. सेंटिमीटरमध्ये सांगायचे तर ४८ ते ६१ च्या दरम्यान. पोराचे डोळे भरून आले. कॅप्टनने हात ओले करून मासा उचलला, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग जडतो. त्याने तो पाण्यात धरला, शेपटी हलताच सोडून दिला. "पुढच्या वर्षी हा एकोणीस इंचांचा होईल," तो भाच्याला म्हणाला. "तेव्हा ये."

साडेसव्वीस इंच

तासाभरात भावोजींना बावीस इंचांचा आणि ताईला वीस इंचांचा मासा मिळाला. दोन्ही बर्फात गेले. मला काहीच मिळाले नाही. केळ्यांचा दोष, दुसरे काय!

आणि मग अप्पांची काठी वाकली. पाच-सात मिनिटे त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. मासा खांबाच्या आडोशाला जायला बघे आणि अप्पा त्याला बाहेर आणत. शेवटी जाळीत जे आले, ते पाहून कॅप्टननेही शीळ घातली. पट्टीवर आकडा आला साडेसव्वीस. अडीच इंचांनी जास्त.

बोटीवर कोणी बोलेना. वाढदिवसाची सहल, त्यात म्हाताऱ्या माणसाने एकट्याने काढलेला मासा. भावोजी हळूच म्हणाले, "एखाद्या वेळी नाही का चालत?" कॅप्टनने मान हलवली. अप्पांनी त्या माशाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि मराठीत म्हणाले, "आमच्याकडे एवढा जिताडा कुणी परत सोडला असता, तर गावानं त्याला वेड्यात काढलं असतं." मग त्यांनी स्वतःच तो दोन्ही हातांनी पाण्यात धरला. शेपटीचा फटकारा बसला, अप्पांचा सदरा भिजला आणि मासा गेला.

लहान मासा सोडावा हे कोणालाही पटते. मोठा का सोडायचा? कॅप्टनने उत्तर दिले, "कारण मोठ्या बहुतेक माद्या असतात." रॉकफिशची मादी वयात यायलाच चार ते आठ वर्षे लागतात. मासा तीस वर्षांपर्यंत जगू शकतो आणि मादी जितकी मोठी, तितकी तिची अंडी अधिक. अशी एक थोराड मादी तव्यावर गेली, तर पुढच्या कित्येक विणी जातात.

या माशाचा जीवनक्रमही मोठा मजेशीर आहे. मोठे झालेले अनेक मासे खाडी सोडून समुद्रात जातात आणि पार उत्तरेकडच्या किनाऱ्यापर्यंत फिरतात. पण वसंत ऋतूत अंडी घालण्यासाठी ते पुन्हा खाडीला मिळणाऱ्या नद्यांच्या गोड्या पाण्यात येतात. आपल्याकडे लेकी बाळंतपणाला माहेरी येतात, अगदी तसेच! अटलांटिक किनाऱ्यावरच्या रॉकफिशांपैकी बहुसंख्यांचे माहेर म्हणजे ही एकटी चेसापीक. म्हणून इथे काही बिघडले, की त्याचा फटका साऱ्या किनाऱ्याला बसतो.

आपल्या जिताड्याचे नेमके उलट आहे. त्यालाही इंग्रजीत ‘बास’च म्हणतात, पण तो या माशाचा जवळचा नातलग नव्हे. जिताडा विणीसाठी खाडीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्यात जातो आणि त्याची पिल्ले भरतीबरोबर खाडीत शिरतात. खारेपाटातले शेतकरी हीच पिल्ले तळ्यांत सोडून वाढवतात. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे तिथेही मोठा मासा म्हणजे बहुधा मादीच! हे सांगितल्यावर अप्पा बराच वेळ पाण्याकडे पाहत बसले.

पाच वर्षांची बंदी

परतीच्या वाटेवर कॅप्टनने जुनी हकिगत सांगितली. त्याचे वडीलही याच खाडीवर पोट भरणारे. इथे अशा माणसांना ‘वॉटरमन’ म्हणतात. १९७३ मध्ये अटलांटिक किनाऱ्यावर व्यावसायिक मच्छीमारांनी या माशाचे सुमारे दीड कोटी पौंड उत्पादन काढले. दहाच वर्षांत, १९८३ मध्ये, हा आकडा ३५ लाख पौंडांवर घसरला. बेसुमार मासेमारी तर होतीच, पण विणीच्या नद्यांचे पाणीही बिघडले होते. १९८४ मध्ये अमेरिकी संसदेने या माशासाठी खास कायदा केला आणि १ जानेवारी १९८५ पासून मेरीलँडने रॉकफिश पकडण्यावर संपूर्ण बंदी घातली. विकायला नाही, हौसेला नाही, घरी खायलाही नाही.

"वडील वर्षभर खेकडे आणि कालवांवर कसेबसे भागवत होते," कॅप्टन म्हणाला. "सरकारला शिव्या घालत होते. पण रात्री बोट घेऊन चोरून गेले नाहीत. सगळेच थांबलेत, मग आपणही थांबायचं, असं म्हणायचे."

बंदी पाच वर्षे चालली. १९९० मध्ये मोजक्या प्रमाणात मासेमारी पुन्हा सुरू झाली आणि १९९५ मध्ये हा मासा पूर्ववत झाल्याचे जाहीर करण्यात आले. मासेमारीच्या जगात असे यश दुर्मीळ. आमच्या कॅप्टनने आपली बोट घेतली ती याच भरभराटीच्या काळात.

रापणीत काय आले?

मग २०२४ मध्ये पुन्हा पट्टी इतकी कडक का? याचे उत्तर एका साध्या जाळ्यात आहे. मेरीलँडचे मत्स्य अधिकारी १९५४ पासून दर उन्हाळ्यात ठरलेल्या ठिकाणी किनाऱ्यावरून शंभर फुटी जाळे ओढतात. आपल्या कोकणातली रापणच म्हणा, पण छोटी. तिच्यात त्या वर्षी जन्मलेली रॉकफिशची किती पिल्ले आली, ते मोजून पुन्हा सोडतात. एका ओढीला सरासरी अकराच्या आसपास पिल्ले येणे हा इतक्या वर्षांचा हिशेब. २०१९ ते २०२४ या सहाही वर्षांत ती सरासरीच्या बरीच खाली राहिली. २०२३ मध्ये तर एका ओढीला सरासरी एकच पिल्लू आले.

मोठे मासेही कमी झाल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले होतेच. हिवाळे उबदार आणि वसंत कोरडे गेले, की नद्यांचा प्रवाह मंदावतो आणि पिल्ले जगत नाहीत, असे शास्त्रज्ञ सांगतात. त्यात उन्हाळ्याची कोंडी. शेतांतली खते आणि शहरांचे सांडपाणी खाडीत उतरते, त्यावर शेवाळ माजते, ते मरून कुजताना खोल पाण्यातला प्राणवायू संपवते. रॉकफिशला थंड पाणी हवे. पण वरचे पाणी तापलेले आणि खाली श्वास कोंडलेला. बिचाऱ्याने जावे कुठे?

म्हणून नुसते सोडून देणे पुरेसे नसते. सोडलेल्या शंभर माशांपैकी नऊ मरतात, असे शास्त्रज्ञ हिशेबात धरतात. उकाड्यात हे प्रमाण वाढते. त्यासाठी मेरीलँडमध्ये उन्हाळ्यात हवामानाच्या अंदाजाबरोबर हिरवा, पिवळा आणि लाल असे रंग जाहीर होतात. पिवळा असेल तर सकाळी दहापूर्वीच मासेमारी उरकावी, लाल असेल तर रॉकफिशच्या वाटेला जाऊच नये, असा सल्ला असतो. आमच्या दिवशी रंग हिरवा होता. तरीही साडेनऊला कॅप्टनने काठ्या आवरायला घेतल्या.

त्याच्या धंद्याचे काय? २०२४ पूर्वी अशा भाड्याच्या बोटींवर माणशी दोन मासे ठेवता येत. ते एकावर आले. एका माशासाठी कोण एवढे पैसे मोजणार, म्हणून अनेक बोटवाल्यांनी विरोध केला. आमच्या कॅप्टनचीही गिऱ्हाइके घटली होती. काहींना तो आता ब्लू कॅटफिशकडे नेतो. व्हर्जिनियाच्या नद्यांत १९७० च्या दशकात हौसेसाठी आणून सोडलेला हा मासा खाडीभर माजला आहे. तो कितीही पकडा, उलट पुण्यच! "माझा मुलगा या धंद्यात आला नाही," कॅप्टन म्हणाला. "मला त्याचा राग नाही. पण नियम चुकीचा आहे असंही मी म्हणणार नाही. वडिलांची पाच वर्षं मी पाहिली आहेत."

तुम्हाला जायचे असेल तर

अमेरिकेत मुलाबाळांकडे जाणाऱ्या वाचकांसाठी थोडी माहिती. अशा लहान बोटीत साधारणपणे सहा प्रवासी बसतात आणि भाडे माणशी नव्हे, तर बोटीचे असते. म्हणून दोन कुटुंबांनी मिळून जावे. मेरीलँडमध्ये प्रवाशांचा परवाना बोटीच्या परवान्यातच येतो. मदतनीसाला वेगळी बक्षिसी देण्याची पद्धत आहे. बोट लागण्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारून गोळी आदल्या रात्रीच घ्यावी. पहाटे पाण्यावर गारठा असतो, म्हणून स्वेटर आणि नंतरच्या उन्हासाठी टोपी हवीच. माशाचा हंगाम आणि आकाराचे नियम वारंवार बदलतात, तेव्हा बोट ठरवतानाच विचारून घ्यावे. आणि केळी घरी ठेवावीत!

नारळ कधी?

धक्क्यावर मदतनीसाने दोन्ही मासे काटा काढून स्वच्छ करून दिले. तेवढ्यात कॅप्टनने अप्पांना विचारले, "सर, तुमच्याकडे अशी बंदी असते का?"

अप्पांनी भावोजींना मध्ये घालून सांगितले, की आमच्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक बोटींना बंदी असते. पण सरकारी बंदीच्या कितीतरी आधीपासून आमचे कोळी पावसात समुद्रात जात नसत. समुद्र खवळलेला असतो आणि बऱ्याच मासळीच्या विणीचेही तेच दिवस. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहायचा आणि मगच होड्या लोटायच्या. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनानेही खाण्याच्या अनेक माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, हे मी त्यात जोडले. बाजारात मात्र बोटभर पापलेटांचे वाटे आपण घासाघीस करून घेतोच, हेही खरे. ते वाक्य मी गिळले. कॅप्टनसमोर बोलायची लाज वाटली.

त्या रात्री ताईने कोकम घालून रॉकफिशचे कालवण केले आणि काही तुकड्या तांदळाच्या पिठात घोळवून तळल्या. पाच माणसांना दोन मासे भरपूर झाले. अप्पांनी वाटी संपवली आणि म्हणाले, "चव चांगली आहे. जिताड्याची नाही, पण चांगली आहे."

भाचा मात्र जेवताना वहीत काहीतरी लिहीत होता. पाहिले तर तारीख, पुलाच्या कितव्या खांबाजवळ ते, आणि पुढे ‘१७ इंच’.

"पुढच्या वर्षी तो एकोणीस होईल ना?" त्याने विचारले.

त्या आकाराचा मासा साधारण तीन वर्षांचा, म्हणजे २०२१ च्या आसपास जन्मलेला. रापणीत फार थोडी पिल्ले आली त्या वर्षांतला. तेवढ्यातून तो वाचला होता. वर्षभर आणखी कुणाच्या गळाला लागला नाही, लागला तरी पट्टीवर मोजून परत सोडला गेला, तर होईल एकोणीस इंचांचा.

"होईल," अप्पा म्हणाले. "पण तेव्हा मिळाला, तरी ठेवायचा की सोडायचा ते तुझं तू ठरव."